डोंगरउतारावरचे वीस गुंठे

विठ्ठलवाडीला स्वतःचा डोंगर नाही. वालधुनी नदी आणि रेल्वेचे रूळ यांच्या आजूबाजूला दाटलेली ही वस्ती कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मधल्या सखल पट्ट्यात आहे. पण स्टेशनातून कर्जत लोकल पकडली की बदलापूर-वांगणीच्या पुढे माथेरानची रांग अंगावर येते, आणि मुरबाडच्या रस्त्याला लागले की नाणेघाट-माळशेजचा सह्याद्री समोर उभा राहतो. कल्याण-डोंबिवलीच्या नोकरदार माणसाला याच दोन वाटांवर एक स्वप्न पडते. डोंगराच्या कुशीत वीसेक गुंठे घ्यायचे, लहानसे घर बांधायचे, घरचे धान्य, घरची भाजी, छपरावरचे पाणी, आणि किराण्याच्या यादीला कायमचा रामराम. या स्वप्नाला अलीकडे ‘पर्माकल्चर’ असे भारदस्त नावही मिळाले आहे. त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. ज्या शहरात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागते, तिथल्या माणसाला असे वाटणे शहाणपणाचेच आहे. प्रश्न एवढाच की तीव्र उताराची जमीन हे स्वप्न किती पेलते. माझे उत्तर असे: उतारावर स्वयंपूर्ण जगता येते, पण ती स्वयंपूर्णता एका घराच्या कुंपणात मावत नाही. माथ्यावरच्या झाडीपासून पायथ्याच्या ओढ्यापर्यंतचा सगळा उतार आणि त्यावर राहणारी सगळी वाडी हे तिचे सर्वांत लहान माप आहे. त्याहून लहान तुकड्यावर जे उभे राहते ते चांगले परसदार असू शकेल. त्याला स्वयंपूर्ण म्हणणे हिशेबात बसत नाही.

पर्माकल्चरची कल्पना बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात मांडली. त्यांचे ‘पर्माकल्चर वन’ हे पुस्तक १९७८ चे. दरवर्षी नांगरून नव्याने पेरायच्या शेतीऐवजी जंगलासारखी, बहुवर्षायू झाडांच्या आधाराने चालणारी, एका घटकाचा कचरा दुसऱ्याचे खाद्य होईल अशी मांडणी करायची, हा तिचा गाभा. महाराष्ट्राला हा विचार परका वाटू नये. गणिताचे शिक्षक असलेल्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून जवळपास हेच वेगळ्या वाटेने मांडले होते. पानांवर पडणारा सूर्यप्रकाश हे खरे भांडवल आणि पालापाचोळा मुरवून घडवलेली माती ही खरी तिजोरी, असा त्यांचा हिशेब. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरतात, ही त्यांची मांडणी ‘प्लेंटी फॉर ऑल’ या पुस्तकातून दूरवर पोचली. आज उतारावरचे गुंठे बघायला निघालेल्या अनेकांच्या डोक्यात हाच दहाचा आकडा असतो. मात्र त्या आकड्याच्या पोटात दोन अटी दडलेल्या आहेत: वर्षभर हाताशी असलेले मोजके पाणी आणि हाताने तयार केलेली खोल, भुसभुशीत माती. सह्याद्रीच्या उतारावर नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. पाणी चार महिन्यांत येऊन निघून जाते आणि जाताना माती घेऊन जाते.

आधी धान्याचे गणित मांडू. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो धान्य लागते असे धरले तर वर्षाला सुमारे ७०० किलो. कोकणपट्टीच्या खाचरात भात हेक्टरी २५ ते ३० क्विंटल, म्हणजे गुंठ्याला २५-३० किलो येते आणि भरडल्यावर त्याचे दोन-तृतीयांश तांदूळ हाती पडतात. तेव्हा फक्त भातासाठी ४० गुंठ्यांच्या आसपास सपाट, बांध घातलेली, पाणी धरणारी जमीन हवी. उतारावर भाताऐवजी नाचणी घेतली तर उत्पन्न हेक्टरी १०-१२ क्विंटल. म्हणजे ६०-७० गुंठे. इथेही हिशेब संपत नाही. ठाणे-रायगडच्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर जुना शेतकरी पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, मग खुरासणी किंवा हरीक घेई आणि पुढे काही वर्षे जमीन पड टाकी, कारण नांगरलेल्या उतारावरची माती त्याहून जास्त पिके सोसत नाही. पडीची वर्षे धरली तर एका घराच्या नाचणीसाठी कितीतरी एकर लागतात. आता वीस गुंठ्यांकडे परत या. ३० टक्के उतारावर, म्हणजे १०० फुटांत ३० फूट उतरणाऱ्या जमिनीवर, मीटरभर उंचीच्या ताली घालून पायऱ्या केल्या तर एकेक पायरी तीन मीटरांच्या आसपास रुंद निघते आणि तिच्यातला पाव ते तिसरा हिस्सा बांधात आणि पाणी काढून द्यायच्या चारीत जातो. घर, वाट, पाण्याचा खड्डा, झाडे वगळून धान्याला आठ गुंठे उरले तरी खूप. त्यात भात चांगले पिकले तरी हाती येणारा तांदूळ १३०-१५० किलो, म्हणजे दोन-अडीच महिन्यांचा. उरलेले साडेनऊ-दहा महिने तांदूळ विठ्ठलवाडीच्याच वाण्याकडून न्यावा लागणार.

यावर कोणी म्हणेल, पूर्वीचे आदिवासी आणि कुणबी डोंगरावर जगत होतेच ना? जगत होते, पण कसे ते बघण्यासारखे आहे. पायथ्याचे भातखाचर आणि वरची वरकस जमीन ही एकाच शेताची दोन अंगे होती. फाल्गुन-चैत्रात रोपाच्या जागेवर शेणाचा थर द्यायचा, त्यावर ऐन-किंजळाच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर वाळके गवत आणि पालापाचोळा, सगळ्यांत वर मातीचा पातळ हात, आणि मग वाऱ्याच्या विरुद्ध अंगाने पेटवायचे, म्हणजे आग भडकत नाही, धुमसत पुढे सरकते. तणाचे बी मरते, राख मिळते, आणि जूनच्या पहिल्या पावसात तिथे भाताची रोपे जोमाने उठतात. हा राब. राबाच्या शेतीचे दोष आहेतच: पाला जाळून टाकणे म्हणजे मातीचा घास काढून घेणे, आणि झाडे खोडापर्यंत सोलली जातात. पण तिच्यातून एक गोष्ट निर्विवाद दिसते, ती अशी की खालचे खाचर वरच्या झाडीवर पोसले जात होते. इंग्रजी अमलात वनखात्याने वरच्या झाडीला कुंपण घातले तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला १८८५ मध्ये त्यासाठी खास आयोग नेमावा लागला. भात पिकवणारा माणूस जंगलाबद्दल भांडत होता, यात त्या शेतीचे सगळे मर्म आले. गुरे वर चरत, शेण खाली येई, लाकूडफाटा वरून, मासे-खेकडे खालच्या ओढ्यातून, आणि पावसाळ्यात शेवळं, कंटोळी, भारंगी, कुरडू अशा रानभाज्या मधल्या रानातून. त्यातल्या कशाचाही सातबारा एका घराच्या नावावर नव्हता.

नैसर्गिक शेतीचे आद्य गुरू मानले जाणारे जपानचे मासानोबु फुकुओका यांचे उदाहरणही हेच सांगते, फक्त त्यांचे भक्त ते सोयीस्कर विसरतात. शिकोकू बेटावरच्या त्यांच्या शेतात डोंगरावर संत्र्याच्या जातीच्या फळांची बाग होती. न नांगरता घेतलेले भात आणि जव, ज्यांनी त्यांना जगात नाव मिळवून दिले, ते पिकत पायथ्याच्या सपाट वाफ्यांत. उतारावर झाडे आणि सपाटीवर धान्य ही वाटणी त्यांनीही मोडली नाही. आपल्याकडे नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा राईस तंत्र, म्हणजे एकदा गादीवाफे केले की पुन्हा नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू द्यायची, हे मातीची धूप थांबवण्याच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. पण तेही भाताच्या जमिनीचे तंत्र आहे. तीव्र उताराला खाचर बनवण्याची जादू त्यात नाही.

पाण्याकडे वळलो की चित्र उलटे होते: इथे तुटवडा साठवणुकीचा आहे, पावसाचा नाही. ठाणे जिल्ह्यात वर्षाला साधारण २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. वीस गुंठ्यांवर त्याचे ५० लाख लिटर होतात. एवढे पाणी अंगावर घेऊनही जानेवारीत हंडा डोक्यावर का घ्यावा लागतो, याचे उत्तर बेसाल्टच्या थरांत आहे. लाव्हाचे थर आडवे, एकावर एक. कातळ घट्ट, वर मुरुमाचा आणि मातीचा पातळ पांघरूण-थर. पाणी मुरते ते थोडे, आणि जिथे दोन थरांची सांध असते तिथून झरा होऊन बाहेर पडते. म्हणून सर्वसाधारण सल्ला असा की खड्डा खणा, प्लास्टिक अंथरा, पाणी धरा; कोकण कृषी विद्यापीठाने फळबागांसाठी असे छोटे ‘जलकुंड’ लोकप्रिय केले आहेत. आंबा-काजूची ४० कलमे उन्हाळाभर जगवायची, आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटर घालायचे, तर सहा महिन्यांत सुमारे २०,००० लिटर लागतात. पाच मीटर लांब, चार रुंद आणि एक मीटर खोल खड्ड्यात नेमके तेवढे मावते. इथे बरेच जण फसतात. कोरड्या महिन्यांत उघड्या पाण्यावरून दिवसाला चार-पाच मिलिमीटर बाष्प उडते. ऑक्टोबर ते मे अशा आठ महिन्यांत मीटरभराच्या आसपास. म्हणजे मीटरभर खोल उघडा खड्डा एक तांब्याही न वापरता आपोआप कोरडा होतो. त्याच्यावर गवताचे किंवा झावळ्यांचे छप्पर घातले, तोंड लहान आणि खोली जास्त ठेवली, तरच हिशेब जमतो. उतारावरच्या शेतीत असे बारीक हिशेब मोठ्या तत्त्वज्ञानापेक्षा जास्त कामाला येतात.

खरा वाद मात्र चरांचा आहे. पर्माकल्चरची चित्रे बघितली की उतारावर समपातळीत खणलेले लांब चर, त्यांच्या खालच्या काठावर मातीचा बांध आणि बांधावर झाडे दिसतात. महाराष्ट्रातही सलग समतल चर म्हटले की हिवरे बाजारचे नाव निघते. पण हिवरे बाजारचा पाऊस सुमारे ४०० मिलिमीटर. तिथे पडणारा थेंब अडवलाच पाहिजे. जिथे त्याच्या सहापट पाऊस चार महिन्यांत कोसळतो, तिथे समपातळीचा, बाहेर वाट नसलेला चर एका रात्रीत तुडुंब भरतो आणि एका जागी फुटला की खालच्या प्रत्येक बांधाला सोबत घेऊन जातो. मृदसंधारणाची पाठ्यपुस्तके जास्त पावसाच्या भागात म्हणूनच किंचित ढाळाचे बांध आणि दगडांनी बांधलेली सांडवाट सांगतात. दुसरा धोका दिसत नाही म्हणून जास्त वाईट. कातळावर जाड, सैल मातीचा थर असेल आणि तिथे आपण पाणी मुरवत गेलो, तर भिजून जड झालेला थर कातळावरून घसरण्याची शक्यता वाढते. तीव्र उतारावर चर खणू नयेत हे पर्माकल्चरचे जाणकारही सांगतात. पण कल्पना प्रवास करते तेव्हा तिच्या अटी अनेकदा मागे राहतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली; २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. तिथे कोणी पर्माकल्चर करत नव्हते, आणि दरड कोसळण्याचे खापर चरांवर फोडण्याचा इथे हेतू नाही. ती वाडी माथेरानच्याच डोंगररांगेत होती, म्हणजे जिथे गुंठे घ्यायला आपण निघतो त्याच शेजारात, एवढे लक्षात असावे.

मग माती अडवायची कशी? या प्रश्नाला फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावर १९७० च्या दशकात जे उत्तर शोधले गेले ते आपल्या उतारांना सर्वांत जवळचे वाटते. समपातळीच्या रेषेवर, चार-पाच मीटरांच्या अंतराने, नत्र देणाऱ्या झुडपांची दाट दुहेरी ओळ लावायची. ती छाटून पाला मधल्या पट्ट्यात टाकायचा. वरून वाहून येणारी माती ओळीला अडते आणि काही वर्षांत पायरी आपसूक तयार होते. आपल्याकडे याला गिरिपुष्प, वाळा आणि बांबू चांगले. यासाठी लागणारे अवजार कोणत्याही वाडीत तासाभरात होते. बांबूच्या सारख्या लांबीच्या दोन काठ्या, सुमारे सात फुटी, वरच्या टोकाला बांधायच्या. पाय पसरून मध्ये आडवी काठी बांधायची. शेंड्यावरून सुतळीला दगड लटकवायचा. दोन्ही पाय टेकवून सुतळी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करायची, मग चौकट फिरवून पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. पुढे एक पाय जागेवर ठेवून दुसरा सुतळी मध्यावर येईपर्यंत वर-खाली सरकवायचा आणि प्रत्येक टेकीला खुंटी ठोकायची. दोघे जण सकाळभरात एक ओळ आखतात. या सगळ्यात पोकलेनची गरज कुठेच पडत नाही, आणि उतारावर ती पडू नये हेच बरे.

पोकलेनचा मुद्दा निघालाच आहे तर पडकईची गोष्ट सांगितली पाहिजे. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाजात ही जुनी रीत आहे. उन्हाळ्यात घरटी माणसे एकत्र येतात, एकाच्या उतारावर दगड फोडून, ताल रचून, माती सारखी करून भाताचे खाचर पाडतात. मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. मजुरी नाही, उसनवारीचे हात. डिंभे धरणाच्या भागात काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेने या रीतीला बळ दिले आणि तिच्या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्याच आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि १५१ माणसे गेली. त्यानंतर बोट दाखवले गेले ते पडकईच्या नावाखाली यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडे. अतिवृष्टी, डोंगराची रचना, वृक्षतोड अशी इतर कारणेही पुढे आली, आणि एकाच कारणावर सगळा भार टाकणे योग्य होणार नाही. तरी हाताने केलेली पडकई आणि यंत्राने केलेले सपाटीकरण या एकाच नावाच्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मान्य करायला हवे. हातांनी काम करणारा माणूस पहारीला कातळ लागला की थांबतो, झऱ्याची ओल दिसली की ताल वळवतो आणि एका उन्हाळ्यात थोडेच काम करतो. उताराला सावरायला वर्ष मिळते. यंत्र आठवडाभरात अख्खा पदर कापते. शहरातून येणाऱ्याकडे पैसा असतो आणि वेळ नसतो, म्हणून तो नेमका यंत्राचाच मार्ग धरतो. कुंपणात एकटे राहायचे ठरवले की पडकईचे हात मिळत नाहीत, आणि मग उरते ते यंत्रच.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो दूर सारता येणार नाही. वाडीची स्वयंपूर्णता इतकी भक्कम होती तर त्याच वाड्यांतली माणसे दिवाळी झाली की भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर का उतरतात? १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले का दगावली? उत्तर कडू आहे. जुनी व्यवस्था आधीच तुटली होती. वरचे जंगल खात्याकडे गेले, चांगली खाचरे सावकारांकडे गेली आणि उरलेल्या वरकसावर वाढत्या तोंडांसाठी पडीची वर्षे कमी करत नाचणी घेतली गेली, तेव्हा माती संपली. नाचणीची कणगी दसरा-दिवाळीनंतर फार टिकेना. म्हणून ‘आदिवासी बघा कसे निसर्गाच्या कुशीत आनंदाने जगतात’ असे म्हणणाऱ्यांची मला चीड येते. पण या आक्षेपाने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट पक्का होतो: उतार तुकड्या-तुकड्यांनी तोडला की तो कोणालाच पोसत नाही.

तुटलेले काही अंशी सांधता येते याचा पुरावाही त्याच जव्हार-मोखाड्यात आहे. बायफ या संस्थेने १९८२ मध्ये दक्षिण गुजरातमधल्या वांसद्यात सुरू केलेला ‘वाडी’ कार्यक्रम पुढे तिच्याच ‘मित्र’ या सहसंस्थेमार्फत जव्हारला आला; नाबार्डने नंतर आदिवासी विकास निधीतून तो देशभर नेला. एका कुटुंबाच्या साधारण एकर-भर उताराच्या जमिनीवर आंबा-काजूची कलमे, मधल्या पट्ट्यात भाजी-कडधान्य, कडेने बांबू, गिरिपुष्प, सागासारखी झाडे, खड्ड्यातले पाणी आणि सुरुवातीची वर्षे कलमे सांभाळण्यासाठी आधार, अशी ही रचना. तिला पर्माकल्चर म्हणा किंवा न म्हणा, अर्थ तोच. दोन गोष्टी मात्र शहरातल्या स्वप्नात नसतात आणि इथे आहेत. वाडीतली अनेक कुटुंबे एकदम हे काम करतात, त्यामुळे गुरे सोडण्याचे नियम, पाण्याच्या पाळ्या, आंब्याची विक्री हे सगळ्यांचे मिळून ठरते. आणि तिथे कोणी धान्याच्या स्वयंपूर्णतेचा हट्ट धरत नाही. जव्हार-विक्रमगडचा शेतकरी मोगरा लावतो, पहाटे कळ्या खुडतो आणि त्या दादरच्या फुलबाजारात जातात; त्या पैशातून तांदूळ येतो. उतारावरून कणगी भरण्यापेक्षा उतार ज्यात हुशार आहे ते करून कणगीचा माल आणावा, हे गणित जास्त खरे आहे. त्याने स्थलांतर थांबले असे नाही, पण काही घरांचे नक्की कमी झाले.

दुसरा आक्षेप परदेशांचे दाखले देणाऱ्यांचा असतो. फिलिपिन्सच्या इफुगाव लोकांनी शतकानुशतके डोंगर पायऱ्यांनी मढवला, नेपाळमध्ये तेच. मग आपल्याला का जमू नये? जमते, पण इफुगावच्या पायऱ्या १९९५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या आणि २००१ मध्ये ‘धोक्यातला वारसा’ ठरल्या. तरुण शहराकडे गेले, ताली दुरुस्त करायला हात उरले नाहीत आणि पायऱ्या ढासळू लागल्या. सावरायला २०१२ उजाडले. पायरी ही एकदा बांधून विसरायची वस्तू नव्हे. दर पावसाळ्यानंतर कोणी तरी निसटलेला दगड पुन्हा बसवला तरच ती उभी राहते. शनिवार-रविवारी येणाऱ्या मालकाची ताल सोमवारच्या पावसात कोणी बघायची?

तिसरा आक्षेप सोपा आहे: मग शहरातल्या माणसाने काहीच करू नये का? करावे, फक्त आपल्या वीस गुंठ्यांकडून काय मागायचे ते नीट ठरवावे. झाडांच्या सावलीत सुरण, कणगर, कोनफळ, हळद होते. शेवगा, फणस, केळी, अळू, वेलभाज्या घराला पुरून उरतात. बांबू सात-आठ वर्षांत घराच्या डागडुजीला येतो. मधमाशा, कोंबड्या, एखाद-दुसरी शेळी सांभाळता येते, बांधून असेल तरच, कारण मोकळी शेळी पहिल्यांदा शेजाऱ्याची कलमे खाते. तांदूळ, तेल, मीठ, साखर बाजारातून येणार हे मान्य करावे. आणि आपला उतार ज्या वाडीचा भाग आहे तिच्याशी संबंध ठेवावा: तिथून मजूर नव्हे तर शहाणपण मागावे, तिच्या नाचणीला, मधाला, रानभाज्यांना कल्याण-विठ्ठलवाडीच्या बाजारात रास्त भाव मिळवून द्यावा. मला विचाराल तर जमीन विकत न घेता एखाद्या वाडीशी असे पाच वर्षांचे नाते जोडणारा माणूस वीस गुंठ्यांना तार ओढून बसणाऱ्यापेक्षा पर्माकल्चरच्या जास्त जवळ असतो.

कायद्याचाही विचार आधीच केलेला बरा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. आदिवासीच्या नावावरची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जात नाही, आणि ते योग्यच आहे. तुकडेबंदी कायद्याखाली ऑगस्ट २०२३ पासून जिरायत जमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचे १० गुंठे आहे, त्यामुळे ‘पाच गुंठ्यांचा शेतीप्लॉट’ अशी जाहिरात दिसली की सावध व्हावे. माथेरानच्या भोवतीचा पट्टा २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे डोंगर कापण्यावर बंधने आहेत.

एवढे सगळे वाचूनही जमीन घ्यायचीच असेल, तर ती एप्रिल-मेमध्ये बघू नका. तेव्हा प्रत्येक उतार कोरडा, शांत आणि स्वस्त वाटतो. जुलैत, चार दिवस संततधार लागल्यावर जा. पाणी कुठून येते, कुठे झिरपते, कुठे गढूळ होऊन उसळते ते पाहा. झाडांची बुडे वाकलेली आहेत का, जमिनीला आडव्या भेगा आहेत का, नवा झरा फुटला आहे का हे वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि खालच्या अंगाला कोणाचे घर असेल, तर वर पहिली कुदळ मारण्याआधी त्या घरी जाऊन बसा आणि काय करणार आहात ते सांगा.